गॅसच्या लायटरमागचा माणूस : पिएर क्युरी



मेरी क्युरींची गोष्ट आपण सगळेच वर्गात सांगतो. पोलंडहून आलेली हुशार मुलगी, पॅरिसची थंडी, गळकी शेड, रेडियम आणि दोन नोबेल. मुलं अगदी तल्लीन होऊन ऐकतात. या गोष्टीत पिएर क्युरी हे नाव येतं ते मेरीबाईंचे यजमान म्हणून आणि शेवटी घोडागाडीखाली सापडून गेले म्हणून. मधलं काहीच येत नाही. खरं तर मेरीशी ओळख होण्याच्या चौदा वर्षं आधी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, या माणसाने आपल्या भावाबरोबर जे शोधून काढलं ते आज आपल्या बहुतेकांच्या स्वयंपाकघरात आहे. गॅसचा साधा लायटर बघा. अंगठ्याने दाबला की टिक्, आणि ठिणगी. आत सेल नाही, वायर कुठे जोडलेली नाही. मग वीज आली कुठून? दाबातून. दाबलं की वीज देणाऱ्या पदार्थांचा शोध हा पिएर आणि त्यांचा भाऊ जाक यांचा. आजचा लेख त्यांच्यावर.

पिएरचा जन्म १५ मे १८५९ चा, पॅरिसमधलाच. वडील यूजीन क्युरी डॉक्टर होते. पैसा बेताचा, पण घरात पुस्तकं भरपूर आणि मतं ठाम. १८७१ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर लढाई पेटली तेव्हा या डॉक्टरांनी आपल्या घरातच जखमींसाठी दवाखाना उघडला आणि दोन्ही मुलांना मदतीला घेतलं. पिएर तेव्हा बारा वर्षांचा.

आता आपल्या कामाची गोष्ट. पिएर लहानपणी शाळेत गेलाच नाही. त्याचं डोकं मंद होतं असं नाही, पण ते एका वेळी एकाच गोष्टीत शिरायचं आणि तिथून लवकर बाहेर यायचं नाही. घंटा झाली, गणित मिटा, भाषा उघडा, हे त्याला जमलं नसतं. आईवडिलांनी हे वेळेवर ओळखलं. आधी आईने शिकवलं, मग वडिलांनी आणि मोठ्या भावाने. वडिलांबरोबर पॅरिसच्या बाहेर रानात भटकायचं, झाडं, बेडूक, किडे गोळा करायचे, घरी येऊन वडिलांच्या कपाटातलं हवं ते पुस्तक काढायचं. चौदाव्या वर्षी बाझील नावाच्या एका चांगल्या शिक्षकाकडे गणितासाठी पाठवलं आणि तिथे मात्र गाडी सुसाट सुटली. सोळाव्या वर्षी विज्ञानाची प्रवेश परीक्षा पास, अठराव्या वर्षी पदवी. मोठेपणीसुद्धा पिएर स्वतःला सावकाश विचार करणाराच समजत.

हे वाचून कुणी मुलाचं नाव शाळेतून काढायला धावू नका हं! त्या घरात डॉक्टर बाप होता, पुस्तकांचं कपाट होतं आणि वेळही होता. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी यातलं एकही नाही, त्यांना शाळाच हवी. पण उत्तराला दोन मिनिटं जास्त घेणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. त्याच्याकडे बघताना मला पिएर आठवतो, एवढं खरं.

१८७८ मध्ये पिएरना पॅरिसच्या विद्यापीठात, म्हणजे सोरबॉनला, प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी लागली. भाऊ जाकही तिथेच खनिजांच्या प्रयोगशाळेत होता. दोघांचं फार जमायचं. टूर्मलीन नावाच्या स्फटिकाची एक गंमत लोकांना आधीपासून माहीत होती. तो तापवला की राखेचे कण ओढून घेतो, म्हणजे त्याच्यावर वीज साठते. भावांनी विचार केला की तापल्यावर स्फटिक प्रसरण पावतो, त्याचा आकार जरासा बदलतो. मग उष्णता न देता नुसता दाबून आकार बदलला तर?

इथे त्यांची खरी हुशारी दिसते. मिळेल तो खडा, वाटेल तसा दाबून त्यांनी पाहिला नाही. स्फटिकाच्या आतल्या रचनेत कुठल्या दिशा एकसारख्या आहेत आणि कुठल्या नाहीत, याचा आधी कागदावर विचार केला. ज्या स्फटिकांची दोन टोकं एकमेकांसारखी नसतात तिथेच वीज दिसेल, हे ठरवूनच ते पुढे गेले. सामान अगदी साधं : सोनाराची करवत, कथलाचा पातळ पत्रा, डिंक, तारा आणि विजेचा बारीक भार दाखवणारं इलेक्ट्रोमीटर. ठरावीक दिशेने कापलेला तुकडा, दोन्ही बाजूंना पत्रा चिकटवलेला, वरून दाब. १८८० मध्ये त्यांनी जाहीर केलं की दाबलं की एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण भार येतो. टूर्मलीन, क्वार्ट्झ, पुष्कराज, रोशेल सॉल्ट अशा अनेक स्फटिकांत त्यांना हे दिसलं. त्या यादीत उसाची साखरसुद्धा होती! म्हणजे आपली खडीसाखरही या घराण्यातली, आणि क्वार्ट्झ म्हणजे तर आपली गारगोटीच. या गुणाला पिझोविद्युत म्हणतात. ग्रीक भाषेत पिझो म्हणजे दाबणं.

असं का होतं, हे मुलांना मी पटांगणावरच्या रांगांवरून सांगते. समजा मुलं आणि मुली एका ठरावीक नक्षीत मिसळून उभ्या आहेत. लांबून बघितलं तर दोघांचा मध्य एकाच जागी. आता एका बाजूने सगळ्यांना ढकललं. नक्षी चेपली, मुलांचा मध्य थोडा इकडे सरकला, मुलींचा तिकडे. स्फटिकातले धन आणि ऋण कण असेच सरकतात. नक्षी दोन्ही बाजूंनी अगदी सारखी असेल तर मात्र कितीही ढकला, दोन्ही मध्य एकाच जागी राहतात. मीठ दाबून वीज मिळत नाही ती यामुळे. (हे कणांचं चित्र नंतरच्या काळातलं. क्युरी बंधूंनी फक्त आकाराच्या सारखेपणावरून ओळखलं होतं.)

त्यांच्या मोजमापात तीन गोष्टी आल्या आणि आजच्या दाब ओळखणाऱ्या वस्तू समजायला त्या तिन्ही लागतात. दाब दुप्पट केला की भारही दुप्पट. दाब काढला की भार उलटा, धनच्या जागी ऋण. आणि दाब तसाच धरून ठेवला तर नवा भार येत नाही, आलेला हळूहळू गळून जातो. दुसऱ्या वर्षी, १८८१ मध्ये, लिपमन या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं की उलटंही व्हायला हवं, म्हणजे वीज दिली तर स्फटिकाने किंचित आकार बदलायला हवा. भावांनी तेही लगेच प्रयोगाने सिद्ध केलं. आपल्या मनगटावरचं क्वार्ट्झ घड्याळ या उलट्या गुणावर चालतं.

पहिली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे असं मला वाटतं. दिव्याचं बटण दाबलं की त्याला फक्त हो किंवा नाही एवढंच कळतं. हळू दाबा नाहीतर जोरात, दिवा तेवढाच लागणार. स्फटिकाला मात्र किती दाबलं तेही कळतं. गणपतीत वाजणारी ऑक्टोपॅडसारखी इलेक्ट्रॉनिक तालवाद्यं बघा. अशा अनेक पॅडांच्या रबराखाली पिझो चकती बसवलेली असते. काठी हळू पडली की आवाज हळू, जोरात पडली की दणका. गिटारच्या लाकडावर चिकटवायचा छोटा गोल पिकअप हाही त्याच जातीचा, लाकडाची थरथर म्हणजे अगदी बारीक दाबच. लायटरमध्ये याचंच रांगडं रूप आहे. आत स्प्रिंगवर एक बारकी हातोडी असते, ती सिरॅमिकच्या तुकड्यावर आदळते आणि क्षणभर हजारो व्होल्ट तयार होतात.

पालक विचारतात की मोबाइलचा पडदाही असाच का? नाही. आजच्या मोबाइलचा पडदा दाब बघत नाही, बोट टेकल्यावर विद्युतभारात होणारा बदल बघतो. म्हणून त्यावर नखाने दाबलं तर काही होत नाही आणि पोराने कितीही जोर लावला तरी गेम पळत नाही. काही वर्षांपूर्वी एटीएमवर जे पडदे जोर देऊन दाबावे लागत ते वेगळे, त्यात दोन पातळ थर एकमेकांना टेकत. आयफोनमध्ये २०१५ पासून काही वर्षं जोराचा स्पर्श ओळखणारा पडदा होता, पण लोकांना तो फारसा वापरताच आला नाही आणि कंपनीने तो काढून टाकला. याचं मला नवल वाटत नाही. किती जोरात दाबलं हे पडद्यावर डोळ्यांना दिसत नाही, सवयीनेच कळतं. वहीचंच बघा ना. पहिलीतल्या नवख्या हाताने लिहिलेल्या पानाच्या मागे अक्षरं उठलेली असतात. पान उलटून त्यावर बोट फिरवलं की मुलाने पेन्सिल किती आवळून धरली होती ते कळतं. चित्रकार वापरतात त्या डिजिटल पेनला हा जोर कळतो आणि रेघ जाड-बारीक होते. साध्या टॅबवर बोटाने गिरवणाऱ्या मुलाचा जोर कुणालाच कळत नाही.

परत पिएरकडे येऊ. १८८२ मध्ये पॅरिसमध्ये भौतिक आणि रसायनशास्त्राची एक नवी औद्योगिक शाळा निघाली. तिथे प्रात्यक्षिकं घेण्याचं काम पिएरना मिळालं. वय तेवीस, विद्यार्थी त्यांच्याहून थोडेच लहान. त्या संस्थेत त्यांनी बावीस वर्षं शिकवलं. पुढच्याच वर्षी जाक माँपेलियेला प्राध्यापक म्हणून गेला आणि जोडी फुटली. पिएरना स्वतःची प्रयोगशाळा नव्हती. जिना आणि वर्ग यांच्यामधल्या बोळासारख्या जागेत ते प्रयोग करत. पगार बारा वर्षांनीही महिना ३०० फ्रँकच्या आसपास, म्हणजे कारखान्यातल्या कुशल कामगाराएवढा. बढतीसाठी कुणाच्या मागे लागणं त्यांना जमायचं नाही. ग्लासगोचे मोठे शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन त्यांच्या उपकरणांचं कौतुक करत होते आणि इकडे पॅरिसमध्ये त्यांना साधा प्राध्यापकही कुणी करत नव्हतं.

याच काळात लोहचुंबकत्वावर त्यांनी मोठं काम केलं. लोखंड ठरावीक तापमानापर्यंत, सुमारे ७७० अंश सेल्सिअस, तापवलं की चुंबकाकडे ओढलं जात नाही. त्या तापमानाला आज क्युरी बिंदू म्हणतात. १८९५ च्या मार्चमध्ये या कामाबद्दल डॉक्टरेट मिळाली आणि २६ जुलैला मेरी स्क्वोदोव्स्का यांच्याशी लग्न झालं. लग्नात भेट आलेल्या पैशांतून दोन सायकली घेतल्या आणि नवरा-बायको फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून भटकायला निघाले.

आता रेडियमच्या गोष्टीतला तो तुकडा, जो आपण नेहमी गाळतो. १८९७ च्या अखेरीस मेरींनी युरेनियमच्या किरणांचा विषय घेतला. हे किरण हवेतून जाताना हवा किंचित वीजवाहक करतात. किरण किती हे मोजायचं तर तो विजेचा प्रवाह मोजायचा, पण तो इतका बारीक की साध्या यंत्राला कळतच नाही. पिएर आणि जाक यांनी पूर्वी बनवलेलं उपकरण इथे कामाला आलं. क्वार्ट्झची लांब, पातळ पट्टी उभी टांगलेली, तिच्या खालच्या टोकाला पारडं. पारड्यात वजन ठेवलं की पट्टी ताणली जाते आणि तिच्यावर भार तयार होतो. वजन माहीत असलं की भार किती तेही माहीत. पदार्थाकडून येणारा भार आणि पट्टीचा भार एकमेकांविरुद्ध जोडायचे. मग एका हाताने वजनाचा ताण अलगद वाढवत न्यायचा, दुसऱ्या हातात वेळ मोजायचं घड्याळ, आणि नजर समोरच्या पट्टीवरच्या प्रकाशाच्या ठिपक्यावर, तो शून्यावरून हलू द्यायचा नाही. तासन् तास हे करायला हाताला किती सवय लागत असेल! मेरींनी ती कमावली. पिचब्लेंड हे खनिज त्यातल्या युरेनियमच्या मानाने जास्त किरण देतं, हे १८९८ च्या सुरुवातीला या मोजमापातून कळलं. म्हणजे आत अजून काहीतरी दडलंय. पिएरनी स्वतःचं चालू काम बाजूला ठेवलं आणि ते मेरींच्या मदतीला आले. जुलैमध्ये पोलोनियम, डिसेंबरमध्ये रेडियम.

इतकी अचूक वजनं या पट्टीवर मोजता आली मग आपल्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पिझोचा का नाही, असा प्रश्न एखादं चौकस मूल विचारेल. उत्तर वरच्या तिसऱ्या गोष्टीत आहे. काट्यावर ठेवलेली साखरेची पिशवी तिथेच राहते, आणि स्थिर दाबाचा भार गळून जातो. पिझोला बदल कळतो : टिचकी, ठोका, थरथर. मेरीही वजन ठेवून बसत नव्हत्या, ताण सतत बदलत होत्या. काट्यात धातूच्या तुकड्यावर बारीक तारेची नक्षी चिकटवलेली असते, वजनाने ती ताणली की तिचा विरोध बदलतो, आणि वजन असेपर्यंत तो बदललेलाच राहतो. कारमध्ये पुढच्या सीटवर कुणी बसलं की पट्टा लावायची आठवण करणारा आवाज येतो ना, तिथेही गादीखाली विरोध बदलणारी पातळ चादर असते. सीटवर दप्तर ठेवलं तरी कधीकधी ती ओरडते. दाब तिला कळतो, माणूस कळत नाही!

शेडमधली ती चार वर्षं, टनांनी उकळलेला कचरा आणि हाती आलेलं जेमतेम दशांश ग्रॅम रेडियमचं संयुग, हे सगळ्यांना पाठ आहे. पिएरनी रेडियम मुद्दाम स्वतःच्या दंडावर बांधून घेतलं, जखम झाली, ती भरायला आठवडे लागले, आणि त्यावरून गाठींवर उपचाराची वाट दिसली, हे मात्र कमी सांगितलं जातं. रेडियम वेगळं काढण्याच्या पद्धतीचं पेटंट दोघांनी घेतलं नाही. सरकार मानाचं पदक द्यायला निघालं तेव्हा पिएरनी नकार दिला, त्यांना पदकापेक्षा प्रयोगशाळा हवी होती. १९०३ च्या नोबेलसाठी आधी बेकेरेल आणि पिएर अशी दोनच नावं पुढे आली होती. स्वीडनमधल्या एका सदस्याने हे कळवलं तेव्हा मेरींचाही विचार व्हायला हवा असं पिएरनी लिहून पाठवलं. मेरींच्या पहिल्या नोबेलच्या मागे हे पत्र आहे. वर्गात ही गोष्ट सांगितली तर मुलगे जास्त लक्ष देऊन ऐकतात, हा माझा अनुभव.

१९०४ मध्ये सोरबॉनने अखेर प्राध्यापकपद दिलं. तोवर पाय सतत दुखत होते, थकवा जात नव्हता. १९ एप्रिल १९०६, पाऊस पडत होता. दोफिन रस्ता ओलांडताना पिएर घसरले आणि सामान लादलेल्या जड घोडागाडीच्या चाकाखाली आले. वय ४६. मोठी मुलगी आयरीन आठ वर्षांची, धाकटी इव्ह दीडही वर्षाची नव्हती. नातींना पुढची चार वर्षं म्हाताऱ्या यूजीन आजोबांनी सांभाळलं, तेच ज्यांनी पिएरला घरी शिकवलं होतं. नोव्हेंबरमध्ये मेरींनी सोरबॉनमध्ये पिएरचा तास हाती घेतला आणि तो जिथे थांबला होता तिथूनच पुढे शिकवायला सुरुवात केली.

पिएरचा एक विद्यार्थी होता, पॉल लांजवँ. पहिल्या महायुद्धात पाण्याखालच्या पाणबुड्या शोधायच्या होत्या. त्याला आपल्या सरांचा स्फटिक आठवला. १९१७ मध्ये त्याने क्वार्ट्झला वेगाने बदलणारी वीज दिली, स्फटिक थरथरला, कानाला न ऐकू येणारा आवाज पाण्यात गेला, पाणबुडीवर आपटून परत आला, आणि त्या आवाजाच्या दाबाने स्फटिकाने पुन्हा वीज दिली. एकच पृष्ठभाग बोलणाराही आणि ऐकणाराही. आज सोनोग्राफीत डॉक्टर पोटावर जे यंत्र फिरवतात त्याच्या टोकाशी हेच चालू असतं. हा लेख वाचणाऱ्या बहुतेक पालकांनी आपलं मूल पहिल्यांदा पाहिलं ते असल्याच एका पृष्ठभागातून.

वर्गात करायचं असेल तर : इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पितळी कडेची, मध्ये पांढरी अशी पिझो चकती मिळते. जुन्या बझरमध्येही सापडते. तिच्या दोन तारांना दोन छोटे एलईडी जोडा, पण एकमेकांच्या उलटे, म्हणजे एकाचा लांब पाय आणि दुसऱ्याचा आखूड पाय एकाच तारेला. खोलीत अंधार करा, कारण उजेड अगदी बारीक पडतो. चकती खडूच्या डब्याच्या झाकणावर ठेवून खोडरबराने टिचकी मारा. दोन्ही दिवे लुकलुकतील, एक दाबताना, एक सुटताना. मग रबर तसंच दाबून धरायला सांगा आणि काय होतं ते मुलांनाच लिहू द्या. हातोडी वापरू नका, चकती तडकते. आणि लायटर उघडून बघायचा हट्ट मुलं धरतील, तो काही ऐकायचा नाही. झटका जोरात बसतो.